पान्हा कसा फुटतो?

म्हैस पिळणाऱ्या माणसाला शरीरशास्त्राचं पुस्तक उघडावं लागत नाही. तो आधी रेडकू सोडतो, त्याला चार ढुसण्या मारू देतो, मग बाजूला बांधतो. म्हशीपुढे आंबोण ठेवतो, सड धुतो आणि मगच चरवी गुडघ्यांत धरून बसतो. रोजचा माणूस आजारी पडला आणि त्याच्या जागी नवखा बसला, गोठ्यात परकं कुत्रं शिरलं किंवा शेजारी फटाका वाजला, की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण हाताला लागत नाही.

शाळेत आपण चेतासंस्था एका धड्यात शिकतो, अंतःस्रावी ग्रंथी दुसऱ्या आणि प्रजनन तिसऱ्या. हा तिसरा धडा बऱ्याच ठिकाणी बाई घाईघाईने उरकतात, ते वेगळंच. परीक्षेपुरती ही वाटणी ठीक आहे. शरीरात मात्र ती कुठेच दिसत नाही, आणि ते बघायला अंगावर पाजणाऱ्या आईइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. दूध तयार होणं आणि दूध उतरणं ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांची संप्रेरकंही निराळी आहेत. स्तनाच्या आत अतिशय बारीक पोकळ पिशव्या असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी रक्तातून कच्चा माल उचलून दूध बनवतात आणि पिशवीत सोडतात. हे काम दिवसरात्र, झोपेतसुद्धा चालू असतं. पण पिशवीतलं दूध आपोआप बोंडापर्यंत येत नाही. प्रत्येक पिशवीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचा विळखा असतो. तो आवळला गेला की दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. गाईच्या सडाच्या वर दूध साठायला एक पोकळी असते, त्यामुळे पान्ह्याआधीही तिचं थोडं दूध निघतं. म्हशीत ही साठवण फारच कमी, म्हणून तिची एवढी मनधरणी. बाईच्या स्तनात तर अशी पोकळी जवळजवळ नसतेच. बाळाने कितीही ओढलं तरी आईच्या शरीराने दूध सोडल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही.

मग तो विळखा आवळतो कोण?

बाळाने बोंड तोंडात धरलं की तिथल्या चेतातंतूंमधून संदेश मज्जारज्जूत जातो आणि वर चढून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये पोचतो. बदामाएवढा, काही ग्रॅम वजनाचा हा भाग. पण भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान, पाळी, सगळ्यांत त्याचा हात असतो. त्यातले चेतापेशींचे काही पुंजके ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक बनवतात. या पेशींचे लांब तंतू खाली पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात उतरतात आणि तिथल्या केशवाहिन्यांना टेकून संपतात. संदेश आला की या पेशी इतर कुठल्याही चेतापेशीसारखीच विजेची लहर टोकापर्यंत पाठवतात. तिथे पोचल्यावर मात्र पुढच्या चेतापेशीला काही कळवण्याऐवजी त्या ऑक्सिटोसिन थेट रक्तात सोडतात.

म्हणजे ही पेशी चेतासंस्थेची की अंतःस्रावी संस्थेची? दोन्हींची. 1928 साली एर्न्स्ट शारर या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये अशा पेशी पाहून मांडलं, की चेतापेशीसुद्धा ग्रंथीसारखा स्राव करू शकतात. पुढे बरीच वर्षं लोकांना ते पटलं नाही, कारण तोवर दोन्ही खाती वेगळी धरली गेली होती. खुद्द पिट्युटरीही दोन कुळांतून आलेली आहे. गर्भात तिचा पुढचा भाग तोंडाच्या छतापासून वर सरकत तयार होतो आणि मागचा भाग मेंदूतूनच खाली उतरतो. वाटाण्याएवढ्या त्या ग्रंथीत दोघं आयुष्यभर शेजारी नांदतात.

चेतांचा निरोप आणि संप्रेरकाचा निरोप यांतला फरक गावातल्या रीतीने सांगायचा तर चिठ्ठी आणि दवंडी यांच्यातला आहे. चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याच्याच हातात पडते, आणि झपाट्याने. शरीरातले सर्वांत वेगवान चेतातंतू सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे पळतात. दवंडी सगळ्या गावात फिरते, वेळ घेते, पण ज्यांचा तिच्याशी संबंध आहे तेवढेच लोक घराबाहेर येतात. ऑक्सिटोसिन रक्ताबरोबर पायाच्या अंगठ्यापर्यंत जातं, तिथे काही घडत नाही, कारण तिथल्या पेशींवर त्याचा ग्राही, म्हणजे त्याला ओळखून पकडणारी जागा, नाही. स्तनातल्या त्या विळख्याच्या पेशींवर आहे. दोन्ही स्तनांतल्या असंख्य पिशव्या एकाच वेळी आवळायच्या तर प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी पाठवत बसणं परवडणारं नाही. म्हणूनच बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने दूध ठिबकतं आणि पहिलटकरणीला वाटतं, काहीतरी बिघडलं.

हा निरोप रक्तातून जातो हे सिद्ध कसं झालं, तो किस्सा गमतीदार आहे. 1941 साली एली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या चेता कापून टाकल्या. तरीही पान्हा फुटला तो दोन्ही बाजूंना सारखाच. मग त्यांनी उलटी परीक्षा घेतली. धार काढण्याआधी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि तिच्याजवळ कागदी पिशव्या फोडल्या. गाय दचकली, दूध उतरलं नाही. पुढच्याच वर्षी पीटरसन आणि त्याच्या सहकाऱ्याने शरीरापासून वेगळ्या केलेल्या कासेतून नुकत्याच पान्हवलेल्या गाईचं रक्त फिरवलं, तेव्हा त्या सुट्या कासेतूनही दूध बाहेर आलं. गोठ्यातल्या म्हाताऱ्यांना यातल्या मांजराच्या भागाचं नवल वाटलं नसतं. रक्ताच्या भागाचं मात्र नक्की वाटलं असतं.

उंदरांच्या मादीत हे आणखी बारकाईने दिसतं. पिल्लं सलग ओढत असतात, पण दूध सतत येत नाही. दर काही मिनिटांनी हायपोथॅलॅमसमधल्या ऑक्सिटोसिनच्या पेशी सगळ्या मिळून, एकाच क्षणी, दोन-चार सेकंद जोरात कडाडतात. पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत दूध उतरतं आणि पिल्लं अंग ताणून घोट घेतात. बाकीचा वेळ नुसतं चोखणं. बाईच्या बाबतीतही ऑक्सिटोसिन असं लहरींनीच सुटतं, आणि रक्तात ते जेमतेम काही मिनिटं टिकतं. बाळ आधी भराभर चोखतं, मग एकदम लय बदलते, गळ्यातून घोटाचा आवाज यायला लागतो. तो बदल म्हणजे आत सगळी साखळी पूर्ण झाल्याची खूण. काही आयांना त्या क्षणी स्तनात मुंग्या आल्यासारखं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही, दोन्ही ठीकच.

आता मेंदू यात असल्याचा खरा परिणाम. ऑक्सिटोसिन सुटायला बोंडाला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. बाळ रडलं, चुळबुळलं, पाजायची वेळ झाली, एवढ्यानेही आईच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन वाढतं, हे 1983 मध्ये पाजणाऱ्या आयांचं रक्त तपासून दाखवलं गेलं. रेडकू नजरेसमोर नसेल तर अडून बसणारी म्हैस आणि बसमध्ये दुसऱ्याचं मूल रडलं म्हणून पदर ओला झालेली बाई, दोघींच्या डोक्यात एकच यंत्रणा चालते. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन मात्र नुसत्या रडण्याने हलत नाही. त्याला प्रत्यक्ष चोखणंच लागतं.

आणि जी गोष्ट आवाजाने सुरू होते ती भीतीने, दुखण्याने, लाजेने अडतेही. 1948 साली न्यूटन दांपत्याने एका पाजणाऱ्या आईवर प्रयोग केला. काही वेळा तिला निवांत पाजू दिलं, तर काही वेळा पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, अंगठा ओढला, गणितं घातली. निवांत असताना बाळाला सरासरी 168 ग्रॅम दूध मिळालं, त्रास दिल्यावर 99 ग्रॅम. त्रास तसाच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर आकडा 153 वर गेला. दूध तर होतंच. ते सोडण्याचा निरोप अडला होता. एकाच आईवरचा प्रयोग, त्यामुळे ग्रॅमचे आकडे डोक्यावर घेऊन नाचू नयेत, पण दिशा तीच आहे जी पुढच्या कामातही दिसत राहिली.

मला हा प्रयोग बाळंतिणीच्या खोलीबाहेर चिकटवावासा वाटतो. टाके दुखताहेत, पाहुणे आलेत, कोणीतरी दाराशी उभं राहून विचारतंय, ‘पुरतंय का गं दूध?’ आणि बाळ रडतंय. बर्फाच्या पाण्यापेक्षा हे फार वेगळं नाही. ‘हिच्या अंगावर दूधच नाही’ असा निकाल ज्या घरात दुसऱ्या दिवशी लागतो, तिथे बहुतेक वेळा दूध यायचा दिवसच उजाडलेला नसतो.

कारण दूध बनण्याचंही वेळापत्रक आहे. गरोदरपणात प्रोलॅक्टिन भरपूर असतं, स्तन तयार असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दूध सुरू होऊ देत नाही. बाळंतपणानंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध यायला उशीर होतो, हे डॉक्टर आणि अनुभवी सुइणी दोघांनाही माहीत असतं. तोवर येतं ते चिकाचं दूध: थोडं, पिवळसर, दाट. पहिल्या दिवशी बाळाचं पोटच इतकं लहान असतं की तेवढं त्याला पुरतं.

प्रोलॅक्टिनची एक खोड आहे. पिट्युटरीच्या पुढच्या भागातली बहुतेक संप्रेरकं हायपोथॅलॅमसने ‘सोड’ म्हटल्यावर सुटतात. हे एकटं असं, की मेंदू त्याला डोपामिन नावाच्या रसायनाने सतत दाबून धरतो आणि बाळ चोखायला लागलं की तो दाब सैल होतो. म्हणून डोपामिनला अडवणारी औषधं, त्यात काही मानसिक आजारांवरची आणि उलटी थांबवणारं डोम्पेरिडोनही आलं, घेतल्यावर कधी मूल नसलेल्या बाईच्या, क्वचित पुरुषाच्याही छातीतून दूध येतं. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं, पण डॉक्टरांना दाखवावं आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं सांगावीत. पिट्युटरीतली छोटी गाठही हेच करू शकते.

एकदा दूध सुरळीत सुरू झालं की किती बनायचं ते मुख्यतः स्तन किती रिकामा होतो यावर ठरतं. भरून राहिला तर बनणं मंदावतं, रिकामा झाला तर वाढतं; आणि हा हिशेब प्रत्येक बाजूचा वेगळा असतो. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत, अळिवात लोह चांगलं असतं आणि ते दिवस तिचे हक्काचे आहेत. पण वरचं दूध सुरू केल्यामुळे बाळ अंगावर कमी प्यायला लागलं, तर ती तूट कुठल्याही लाडवाने भरत नाही.

आतापर्यंत गर्भाशयाचा उल्लेख आला नाही, पण ऑक्सिटोसिनची पहिली ओळख तिथलीच. 1906 मध्ये हेन्री डेलने दाखवलं की पिट्युटरीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. दूध उतरण्याशी असलेला संबंध त्यानंतर चार वर्षांनी बकरीत दिसला. 1953 मध्ये व्हिन्सेंट दु व्हिग्नोने हा रेणू प्रयोगशाळेत बनवला. अवघी नऊ अमिनो आम्लं आणि त्यासाठी 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल. प्रसूतीत बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबतं, तिथल्या चेता हायपोथॅलॅमसला कळवतात, ऑक्सिटोसिन सुटतं, कळ वाढते, डोकं आणखी दाबतं. शरीरातली बहुतेक चक्रं स्वतःला आवरतात. हे स्वतःला भडकवत जातं आणि बाळ बाहेर आल्यावरच थांबतं.

हाच रस्ता माणसाने जनावरांवर क्रूरपणे वापरला. गाईच्या योनिमार्गात हवा फुंकायची, की आतला ताण हायपोथॅलॅमसपर्यंत पोचून पान्हा फुटतो. याला फूका म्हणत. कोणाला संप्रेरकाचं नावही माहीत नव्हतं तेव्हापासून हे चालत आलं. गांधीजींनी गाई-म्हशींचं दूध सोडलं त्यामागे या प्रकाराची किळस होती. कस्तुरबांनी मग बकरीच्या दुधाची वाट काढून दिली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फूक्यावर नावानिशी बंदी आहे, आणि जनावराच्या तब्येतीला घातक ठरेल अशा तऱ्हेने दूध वाढवण्यासाठी इंजेक्शन टोचण्यावरही. तरीही कुठे कुठे रेडकू दगावल्यावर म्हशीला रोज सुई टोचली जाते. फूका गेला, सुई आली. जबरदस्तीने पान्हा फोडणं तेच.

पाजताना पहिले काही दिवस ओटीपोटात कळा येतात, त्याही याच दवंडीमुळे. एकाच ऑक्सिटोसिनने स्तन आणि गर्भाशय दोन्ही आवळतात, रक्तस्राव कमी व्हायला मदत होते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त जाणवतात. प्रसूतीनंतर लगेच 10 युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती रक्तस्रावासाठीच. अडचण अशी, की हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि जिथे वीज जाते तिथेच बायका जास्त मरतात. 2018 मध्ये भारतासह दहा देशांतल्या जवळपास 30 हजार बायकांवरच्या चाचणीत उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं, ही त्यातली चांगली बातमी.

ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून जे खपवलं जातं त्याबद्दल सबुरी बरी. नाकात फवारा मारल्याने माणसं दुसऱ्यांवर जास्त विश्वास टाकतात, हा 2005 चा गाजलेला निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत टिकला नाही. त्याउलट, 1990 च्या दशकात ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्या तयार केल्या गेल्या. त्या व्यवस्थित व्यायल्या, पिल्लांना पोटाशीही घेतलं, पण एकाही पिल्लाच्या पोटात दूध गेलं नाही. इंजेक्शन दिल्यावर गेलं. प्रसूतीला शरीराकडे दुसरे उपाय आहेत. पान्ह्याला नाहीत.

साखळीचा शेवटचा दुवा बीजकोशापर्यंत जातो. पाळी चालते ती हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने सुटणाऱ्या एका संप्रेरकाच्या ठोक्यांवर. अर्न्स्ट नोबिलने 1970 च्या दशकात माकडिणींवर दाखवलं, की हे संप्रेरक तासातून एकदा दिलं तर पिट्युटरी काम करते आणि तेच सलग देत राहिलं तर थंडावते. बाळ वारंवार चोखत असताना हे ठोके विस्कळीत होतात, स्त्रीबीज पिकत नाही, पाळी लांबते. कालाहारीतल्या कुंग समाजात मुलं तासातून अनेकदा, दोन-दोन मिनिटं, अशी तीन वर्षांहून जास्त पीत, आणि दोन मुलांत चार वर्षांच्या आसपास अंतर पडे, असं 1980 मध्ये नोंदवलं गेलं. आपल्याकडे पाजताना दिवस राहत नाहीत यावर भरवसा ठेवून फसलेल्या बायका पुष्कळ आहेत, कारण अटी कोणी सांगत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावर पिणारं आणि पाळी अजून परत न आलेली, या तिन्ही गोष्टी असतील तरच संरक्षण 98 टक्क्यांच्या घरात असतं. यातली एक जरी सुटली तर दुसरं साधन लागतं. आणि पाळी येण्याआधीच पहिलं स्त्रीबीज सुटू शकतं, त्यामुळे ‘अजून पाळी आली नाही’ एवढंच पुरेसं नाही.

हे सगळं एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून जातं, याचा दाखला ती बंद पडल्यावर मिळतो. गरोदरपणात प्रोलॅक्टिनच्या पेशी वाढून पिट्युटरी फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात फार रक्त गेलं, रक्तदाब कोसळला, तर तिच्या पेशी मरतात. 1937 मध्ये हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने याचं वर्णन केलं. अशा बाईला आधी दूधच येत नाही. मग पाळी परत येत नाही, काखेतले केस पुन्हा उगवत नाहीत, थंडी सोसत नाही, सारखी गळून गेल्यासारखी असते. घरचे म्हणतात, बाळंतपणात अंग खचलं. ठरावीक संप्रेरकांच्या साध्या गोळ्यांनी ती उभी राहू शकते, पण निदान व्हायला कधी दहा-दहा वर्षं जातात. म्हणून सोडियम उतरल्यामुळे भरती झालेल्या, सुस्तावलेल्या मध्यमवयीन बाईला जाणता डॉक्टर इतर तपासण्यांबरोबर दोन जुने प्रश्न विचारतो: शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, आणि त्या वेळी अंगावर दूध आलं होतं का?